डोक्याला मुका मार : उंदरांकडून काय कळलं, काय कळू शकत नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम केलं. आता देवगड तालुक्यात घरची आंब्याची कलमं बघतो आणि आठवड्यातून तीन दिवस कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मी औषध लिहून देणारा डॉक्टर नाही. तरी एप्रिल-मेमध्ये कोणी कलमावरून घसरला, पावसाआधी घर शाकारताना कोणी पडला, नाहीतर कबड्डीत कोणाचं डोकं कोणाच्या गुडघ्यावर आपटलं की फोन मला येतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

मुका मार म्हणजे नेमका किती मार?

रुग्णालयात यासाठी 1974 साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीझडेल आणि जेनेट यांनी, तयार केलेली मोजपट्टी वापरतात. डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितलेलं करतो का, याचे गुण देतात. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. माणूस 13 ते 15 मध्ये बसला, बेशुद्ध पडलाच तर अर्ध्या तासाच्या आत शुद्धीवर आला आणि आठवणीतली फट चोवीस तासांपेक्षा कमी असली, की त्याला सौम्य इजा म्हणतात.

या ‘सौम्य’ शब्दाने फार गोंधळ केला आहे. पहिल्या काही तासांत जिवाला धोका कमी, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे महिने सौम्य जातील असं तो शब्द सांगत नाही.

बेशुद्ध पडला नाही, उठून हसला. मग काही झालं नाही ना?

माझा पुतण्या तीन वर्षांपूर्वी कलमाच्या खालच्याच फांदीवरून पडला. उंची पुरुषभरसुद्धा नसेल. उठला, पँट झटकली, हसला आणि मला म्हणाला, “काका, पेट्यो किती झाल्यो?” मी सांगितलं, चौदा. दोन मिनिटांनी पुन्हा, “काका, पेट्यो किती झाल्यो?” असं चार वेळा. प्रत्येक वेळी तोच सूर, आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून तेवढंच समाधान. डोक्यावर टेंगूळही नव्हतं. वहिनी आंबेहळद उगाळून आली आणि लावायची कुठे म्हणून उभी राहिली.

मेंदूला धक्का बसलेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही. तोच प्रश्न परत परत विचारणं, बोलण्यात गोंधळ, घेरी, उजेड सहन न होणं, मळमळ ही त्याची नेहमीची लक्षणं. त्या दिवशी आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि “काही नाही, उद्या कामाला लाव” म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला कलमावर चढू दिलं नाही. त्याचं कारण उंदरांकडे आहे, पुढे येईलच.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता तरी निर्धास्त?

रक्तस्रावापुरते, हो. सीटीत रक्त दिसतं, कवटीची भेग दिसते. मुक्या मारात जे बिघडतं ते मात्र मज्जातंतूच्या धाग्यांमध्ये, आणि हे धागे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजायचे असतात. ते सीटीत दिसत नाहीत. दिसतात कुठे, तर मेंदूचे पातळ काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली. मुका मार लागलेली माणसं देवाच्या कृपेने मरत नाहीत, त्यामुळे त्यांचे काप मिळत नाहीत. मार लागल्यावर एका तासाने, तीन दिवसांनी, महिन्याने आत काय चाललं आहे हे पाहायचं तर जनावर लागतं. संशोधन उंदरांवर होतं त्याचं कारण एवढंच आहे.

उंदराला ‘सौम्य’ मार देतात तरी कसा?

प्रयोगशाळेत लहान जातीला आम्ही माउस म्हणतो, मोठ्या जातीला रॅट. घरच्या माणसांसाठी दोन्ही उंदीरच.

पद्धती बऱ्याच आहेत. काहींत कवटीला भोक पाडून आतल्या आवरणावर द्रवाचा झटका देतात, काहींत दट्ट्याने मेंदू थेट दाबतात. या दोन्ही मोजमापाला चांगल्या, पण कलमावरून पडलेल्या माणसाची कवटी उघडलेली नसते. म्हणून बंद कवटीच्या पद्धती आल्या. 1994 साली मार्मारू यांनी रॅटच्या कवटीवर पोलादाची चकती चिकटवली, त्याला फोमच्या गादीवर ठेवला आणि वरून 450 ग्रॅमचं वजन सोडलं. ते वजन दोन मीटरवरून सोडलं तर मार जबर असतो.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेली माउसची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. आयसोफ्लुरेनची भूल दिलेला माउस चिरा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पालथा ठेवायचा. वर उभी नळी. त्या नळीतून मीटरभर उंचीवरून शंभर ग्रॅमच्या आसपासचं वजन डोक्यावर येतं, फॉइल फाटतं, मान झटक्याने वळते आणि माउस उलटा होऊन खालच्या स्पंजावर पाठीवर पडतो. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग त्याला पाठीवरच ठेवायचं आणि स्टॉपवॉच चालू करायचं. भूल उतरली की उंदीर आपणहून पालथा होतो. मार न देता फक्त भूल दिलेला लवकर वळतो, मार खाल्लेला उशिरा. आमच्याकडे बेशुद्धीचं मोजमाप हेच. आधी मिशा हलतात, मग एक मागचा पाय हवेत चालवल्यासारखा करतो, आणि एकदम वळतो. वळल्यावर दहा मिनिटांत बाकीच्यांसारखाच पिंजऱ्यात हुंगत फिरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, याला काही झालेलंच नाही.

मार डोक्याला लागतो, मग मान वळण्याचा काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये डेनी-ब्राउन आणि रसेल यांनी मुख्यतः मांजरांवर प्रयोग केले. डोकं घट्ट धरून ठेवून ठोका दिला तर मांजराची शुद्ध सहजी जाईना. तेवढाच ठोका डोकं मोकळं असताना दिला तर जाई. म्हणजे इजा ठोक्यापेक्षा डोक्याच्या हलण्याने होते. दोन वर्षांनी होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू करून दाखवलं की गोल झटका मेंदूला पिळवटतो.

आपल्याकडे यासाठी खरवस पुरे. खरवसाची वाटी ताटावरून सरळ ढकला, खरवस वाटीबरोबर जातो. तीच वाटी जागच्या जागी झटक्याने फिरवा. कडा फिरते, मधला भाग मागे राहतो आणि दोघांच्या मध्ये ताण येतो. मेंदूत त्या ताणाच्या जागी लांब धागे असतात.

1982 साली पेनसिल्व्हेनियात जेनारेली आणि सहकाऱ्यांनी माकडांची डोकी कुठेही न आपटता, फक्त वेगाने वळवून, धाग्यांची इजा आणि दीर्घ बेशुद्धी घडवून दाखवली. बाजूच्या बाजूला दिलेला झटका सगळ्यात वाईट ठरला. घाटात एसटीने करकचून ब्रेक मारला आणि डोकं कुठे आपटलं नाही, तरी मेंदूला धक्का बसू शकतो, हे आपण या माहितीवरच सांगतो.

आत नक्की बिघडतं काय?

दोन गोष्टी, वेगवेगळ्या वेगाने.

पहिली काही मिनिटांत सुरू होते. ताण बसला की पेशींच्या पडद्यांची दारं सताड उघडतात. पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस सुटतं. हे मीठ-पाणी जागेवर आणायला पेशींचे पंप पूर्ण ताकदीने चालतात आणि साखर जाळतात. नेमक्या त्याच वेळी रक्तपुरवठा घटलेला असतो. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना विहिरीवरचा पंप लावा, तशी गत. मग उलटं होतं, मेंदूचा साखरेचा वापरच मंदावतो. प्रौढ रॅटमध्ये ही सुस्ती सात ते दहा दिवस टिकते. कॅलिफोर्नियातल्या होव्हडा यांच्या गटाने हे वर्षानुवर्षं मोजलं आहे.

दुसरी गोष्ट तासांची आणि दिवसांची. धागा ठोक्यासरशी तुटतो असा पूर्वी समज होता. जनावरांच्या मेंदूत दिसलं ते निराळं. बरेच धागे फक्त ताणले जातात, त्यांच्यातली मालवाहतूक तुंबते, तुंबल्या जागी फुगवटा येतो आणि मग काही तासांनी तिथे तुकडा पडतो. रंगवलेल्या कापात हे फुगवटे तपकिरी दिसतात, वालाच्या शेंगेसारखे. मी पहिल्यांदा पाहिले ते त्याच हुंगत फिरणाऱ्या माउसच्या मेंदूत, दुसऱ्या दिवशी.

दुसरा मार लागला तर?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

2005 साली लोंघी आणि सहकाऱ्यांनी माउसना दोन सौम्य मार दिले, मध्ये वेगवेगळं अंतर ठेवून. तीन किंवा पाच दिवसांच्या अंतराने दिलेल्यांची स्मरणशक्ती बिघडली. सात दिवसांनी दिलेल्यांची बिघडली नाही. 2013 मध्ये प्रिन्स यांच्या गटाने वयात येणारे रॅट घेतले. एका मारानंतरची साखरेची सुस्ती त्यांच्यात तीनेक दिवसांत ओसरली. ती ओसरण्याआधी, चोवीस तासांनी, दुसरा मार दिला तर सुस्ती खोल गेली आणि लांबली. पाच दिवसांनी दिलेला मार मात्र नव्याने लागलेल्या पहिल्या मारासारखा वागला.

त्याहून बोलका प्रयोग बॉस्टनच्या मीहान यांचा, 2012 चा. माउसना पाच-पाच मार. काहींना रोज एक, काहींना आठवड्याला एक, काहींना महिन्याला एक. रोज आणि आठवड्याला खाणारे वर्षभरानेही चाचणीत मागे होते. महिन्याला एक खाणारे मार न खाल्लेल्यांच्या बरोबरीने. मारांची संख्या सगळ्यांना सारखीच होती, फरक फक्त मधल्या अंतराचा.

आता इथे लोक लगेच विचारतात, “म्हणजे सात दिवसांनी खेळला तर चालेल?” नाही. उंदराचे सात दिवस म्हणजे माणसाचे किती, याचं कोष्टक नाही, आणि ते मांडणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उंदरांनी दाखवलं ते एवढंच की अशी एक मुदत असते, तिच्यात मेंदू हळवा असतो आणि वरून पाहून ती कळत नाही. माणसांच्या खेळांतला नियम यालाच धरून आहे. धक्का बसल्याचा संशय आला की त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि पुढेही लक्षणं जाऊन डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय नाही. आमच्याकडे रात्रीच्या कबड्डी स्पर्धांत पोरगा बाहेर पडतो, तोंडावर पाणी मारतात आणि पुढच्या चढाईला तोच जातो. आयोजक माझ्यावर चिडतात, चिडू देत. पुतण्याला मी कलमावर चढू दिलं नाही ते यासाठीच.

परिणाम किती काळ राहतो? कायमचा?

उंदराचं वर आलंच. वर्षभर, आणि त्याचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं. हे मोजतात कसं, तर 1981 साली रिचर्ड मॉरिस यांनी वर्णन केलेल्या हौदात. गढूळ केलेलं पाणी, पाण्याखाली लपवलेला एक चौथरा. उंदराला पोहायला सोडतात. चौथरा कुठे आहे हे तो भिंतीवरच्या खुणा पाहून लक्षात ठेवतो. धड मेंदूचा चार-पाच दिवसांत सरळ रेषेत जातो. मार खाल्लेला कडेकडेने फेऱ्या मारत राहतो. तो पोहतो उत्तम, जागा मात्र त्याला सापडत नाही.

माणसांत बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. सगळे होत नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या अपघात केंद्रांत आलेल्या रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये आला. सौम्य इजेच्या 53 टक्के रुग्णांना वर्षानंतरही रोजच्या जगण्यात काही ना काही अडचण होती. डोकं सोडून फक्त हाडामांसाला लागलेल्यांत हेच प्रमाण 38 टक्के. म्हणजे त्यातला बराच भाग अपघाताचाच असतो, मेंदूचा नाही. शिवाय हे सगळे रुग्णालयापर्यंत पोचलेले लोक. घरी आंबेहळद लावून बसलेल्यांची त्यात मोजदाद नाही.

वारंवार मार खाणाऱ्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो म्हणतात. उंदरांत दिसलं?

मुष्टियोद्ध्यांबद्दल मार्टलँड यांनी 1928 मध्येच लिहिलं. 2005 पासून अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूंत तेच सापडत गेलं. टाऊ नावाचं प्रथिन गुठळ्या होऊन साचतं, आणि खास करून मेंदूच्या घड्यांच्या तळाशी.

उंदराचा मेंदू गुळगुळीत असतो, त्याला घड्या नाहीत. जागाच नाही तर ‘घडीच्या तळाशी’ काय शोधणार? त्यात उंदराचा टाऊ माणसाच्या टाऊसारखा तंतोतंत नाही, आणि माणसाला हा आजार व्हायला जो वीस-तीस वर्षांचा काळ लागतो तो त्याच्याकडे नसतो. म्हणून माणसाचं टाऊ जनुक घातलेले उंदीर, घड्या असलेल्या मेंदूचे फेरेट (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) आणि डुकरं यांच्याकडे संशोधक वळतात. या एका प्रश्नावर साधा उंदीर फार कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुतारपक्षी दिवसभर डोकं आपटतो, त्याला काही होत नाही. मग?

हा प्रश्न मला दर शिमग्याला कोणीतरी विचारतं, बहुधा माडाच्या झावळ्यांत ठकठक ऐकून. कवटीत स्पंजासारखं काही असतं आणि ते धक्का शोषतं, असं बरीच वर्षं सांगत होते. 2022 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने मोजल्यावर दिसलं की कवटी धक्का शोषत नाही, ताठ हातोडीसारखी वागते. धक्का शोषला असता तर लाकूड फुटलंच नसतं. पक्ष्याला वाचवतो तो त्याच्या मेंदूचा लहान आकार. मेंदू जितका लहान, तितका पिळवटायला झटका जास्त लागतो. म्हणून तर उंदराला माणसाच्या मापाने फारच मोठा झटका द्यावा लागतो. गंमत म्हणजे 2018 च्या एका अभ्यासात सुतारपक्ष्यांच्या मेंदूतही टाऊ सापडला. तो इजेचा की बचावाचा, यावर वाद आहे.

रेड्यांच्या झुंजींबद्दलही विचारतात. त्यांचे मेंदू मी पाहिलेले नाहीत. डोक्याने टकरा देणारे कस्तुरी-बैल आणि मोठ्या शिंगांच्या मेंढ्या यांच्या मेंदूत इजेच्या खुणा 2022 मध्ये दिसल्या. निसर्गाने टकरीसाठीच घडवलेली जनावरंही कोरी सुटत नाहीत, एवढं त्यावरून धरायला हरकत नाही.

उंदरावरून माणसाचं सांगणं कितपत धरायचं?

जपून. माउसचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून कमी, रॅटचा दोनेक ग्रॅम, आपला तेराशे-चौदाशे. आपल्या मेंदूत लांब धाग्यांचा पांढरा भाग भरपूर, उंदरात थोडा, आणि इजा तर धाग्यांचीच. उंदराला भूल देऊन मारतात, आणि भूलच मेंदूला काही प्रमाणात जपते. कलमावरचा माणूस भूल घेऊन पडत नाही. बरीच वर्षं प्रयोग जवळजवळ फक्त तरुण नरांवर झाले. आणि डोकं दुखतं, कंटाळा येतो, बायकोवर विनाकारण ओरडलो, हे उंदीर सांगत नाही. त्याचे मिटलेले डोळे आणि मागे गेलेले कान पाहून वेदनेला गुण द्यायची पद्धत 2010 मध्ये आली, पण मुक्या मारातली बारीक, रेंगाळणारी डोकेदुखी त्यात कितपत पकडली जाते, याबद्दल मी साशंक आहे.

औषधांचा अनुभव तर कडूच. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने उंदरांचे मेंदू वाचवले, भरपूर प्रयोगांत. मोठी इजा झालेल्या माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल 2014 मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत उपयोग शून्य. मुक्या मारावर म्हणून कोणी गोळी-इंजेक्शन विकत असेल तर हे त्याला सांगा.

मग अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायचं?

एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल कमी, मग हळूहळू चालणं-फिरणं. पंधरा दिवस दारं लावून झोपवणं जुनं झालं. 2015 मध्ये मुलांच्या एका चाचणीत पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्यांनी उलट जास्त लक्षणं सांगितली.

इथे रॅट आधी बोलून गेले होते. 2004 मध्ये ग्रीसबाख यांनी इजा झालेल्या रॅटच्या पिंजऱ्यात धावायचं चक्र ठेवलं. दोन आठवड्यांनी चक्र मिळालेले सुधारले. लगेच पहिल्याच दिवसापासून मिळालेले चाचणीत मागे पडले. व्यायाम तोच, वेळ चुकली. माणसाला रॅटएवढं थांबावं लागत नाही, पण पडल्या दिवशी पुन्हा पेट्या उचलायला लावू नका.

झोपू द्यायचं की जागं ठेवायचं?

डॉक्टरांनी तपासलं असेल आणि माणूस नीट बोलत असेल तर झोपू द्या. पण पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, एक बाहुली मोठी, हात-पाय लुळा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हलवूनही जाग न येणं, यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसं जांभ्याच्या शेवाळल्या पायरीवर घसरली तर लक्षण नसलं तरी दाखवाच.

मुक्या जनावरांना हे करताना तुम्हाला काही वाटत नाही?

वाटतं. मापं घेऊन झाली की उंदीर मारावा लागतो, आणि तो मी स्वतः मारत असे.

या क्षेत्राचा इतिहास काही अंगांनी लाजिरवाणा आहे. मी वर ज्या 1982 च्या निष्कर्षावर विसंबून एसटीचं उदाहरण दिलं, त्याच पेनसिल्व्हेनियाच्या प्रयोगशाळेतल्या चित्रफिती 1984 मध्ये कार्यकर्त्यांनी पळवल्या. बबून माकडांशी तिथे होत असलेलं वागणं जगाने पाहिलं आणि 1985 मध्ये सरकारी निधी थांबला. ज्ञान खरं होतं, आणि ती वागणूकही खरी होती. मला यातलं एक पुसून दुसरं ठेवता येत नाही.

आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे प्रयोगांचे नियम आहेत. संस्थेच्या समितीची परवानगी लागते. किती जनावरं, का, वेदना कशी कमी करणार, जनावराशिवाय भागेल का, सगळं लेखी. एकदा मी चाळीस मागितले, समितीने चोवीसच दिले. तेव्हा राग आला होता. प्रयोग चोवीसात झाला.

तुमच्याकडे घेऊन येऊ का?

माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे न्या. महिना उलटून डोकं दुखतंय, झोप बिघडली, हिशेब चुकतात, चिडचिड होते, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे. जाताना एक कागद घेऊन जा : कधी पडला, डोकं कुठल्या बाजूला झटकलं गेलं, याआधी कधी मार लागला होता आणि मध्ये किती दिवस गेले, पडण्याआधीचं शेवटचं काय आठवतं. तपासणीत हे कोणी खोदून विचारेलच असं नाही.

पुतण्याने त्या शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, “सकाळचे घावणे.” पडला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.